आईबाबांना मेमरी टेस्टसाठी कसं विचारायचं, आणि ते नाही म्हणाले तर पुढे काय

"मला काही झालेलं नाही, वय झालं की थोडं विसरायला होतंच." घरातल्या म्हाताऱ्या माणसापुढे मेमरी टेस्टचा विषय काढला की बहुतेक वेळा हेच ऐकायला मिळतं, आणि मग मुलं आपसात बोलतात की बाबा हट्टी आहेत, आई ऐकतच नाही, एकदाचं नेऊन आणूया. मला हे पटत नाही, म्हणूनच जरा सविस्तर लिहितेय. तो नकार बहुतेक वेळा हट्ट नसतो, त्यामागे त्यांचा स्वतःचा विचार असतो. डिमेन्शियाची, म्हणजे स्मरणशक्ती आणि विचारशक्ती हळूहळू जाणाऱ्या आजाराची, भीती असतेच, पण त्याहून मोठी भीती असते ती रिपोर्ट आल्यानंतर घरात आपलं काय होईल याची. माझ्या सहीला किंमत राहील का, पैसे माझ्या हातात राहतील का, गाडीची किल्ली काढून घेतील का, मी बोलायला लागले की बाकीचे एकमेकांकडे बघतील का. या प्रश्नांचं आधी बोला, टेस्टचं नंतर. पुढे जे काही लिहिलंय ते सगळं याच क्रमाभोवती आहे.

अमेरिकेत इंडियानामध्ये डॉक्टर मलाझ बूस्तानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच नकाराचा बरीच वर्षं अभ्यास केला. साध्या फॅमिली डॉक्टरकडे येणारे ६५ वर्षांच्या पुढचे लोक घेतले, पहिली छोटी टेस्ट केली, आणि ज्यांच्या टेस्टमध्ये काहीतरी गडबड दिसली त्यांना पूर्ण तपासणीला बोलावलं, तर जवळपास निम्म्यांनी नको म्हणून सांगितलं. नंतर तिथेच ४००५ लोकांची मोठी ट्रायल झाली, तिचे निकाल २०२० साली आले, त्यात तर टेस्टमध्ये गडबड दिसलेल्यांपैकी साधारण दोन तृतीयांश लोक पुढच्या तपासणीला आलेच नाहीत. आता बघा, हे लोक पहिल्या टेस्टला तयार झालेले होते, म्हणजे तीन शब्द लक्षात ठेवायला किंवा घड्याळ काढायला त्यांची ना नव्हती. अडलं ते पुढच्या पायरीवर, जिथे आजाराला नाव मिळणार होतं.

नकार नेमका कशाला आहे ते आधी काढा

सगळ्यांचा नकार सारखा नसतो, आणि उत्तरही सारखं नसतं. एखाद्याने स्वतःच्या आईला किंवा मोठ्या भावाला या आजारात बघितलेलं असतं, शेवटची वर्षं कशी गेली ते डोळ्यासमोर असतं, त्याला "काही नसेल हो, फक्त बघून घेऊ" म्हणून काहीच फरक पडत नाही, कारण त्याला काय असू शकतं हे तुमच्यापेक्षा जास्त माहितीये. एखादीला लोकांची भीती असते, आपल्याला वेडी म्हणतील, सुनेला कळलं की सगळीकडे होईल. एखाद्याचं सरळ म्हणणं असतं की औषध नाही तर नाव कळून करायचं काय. आणि ज्यांचं शिक्षण कमी झालंय त्यांना ती टेस्ट म्हणजे पुन्हा शाळेतली परीक्षा वाटते, नापास व्हायची लाज वाटते, ते तोंडाने सांगणार नाहीत पण जायच्या दिवशी पाय दुखायला लागतील.

आणखी एक खूप मोठा गट आहे ज्यांना मनापासून वाटतं की हे वयाचंच आहे. यात फक्त म्हातारी माणसंच नाहीत. अल्झायमर हा डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, त्यावर काम करणाऱ्या अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल या संस्थेने २०२४ साली जगभरात सर्व्हे केला, त्यात सामान्य लोकांपैकी ८० टक्के लोकांना डिमेन्शिया म्हणजे वय होण्याचाच भाग वाटत होता, आणि आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांपैकी ६५ टक्के लोकांनाही तसंच वाटत होतं. म्हणजे डॉक्टरच "आता वय झालं आजी" म्हणून परत पाठवत असतील तर आजींनी तरी वेगळं काय समजायचं. डिमेन्शिया वयाबरोबर वाढतो हे खरं, पण तो मेंदूचा आजार आहे, बहुतेक म्हाताऱ्या माणसांना तो होत नाही.

आणि एक प्रकार असा की माणूस नाकारत नसतो, त्याला खरंच कळत नसतं. मेंदूच्या ज्या भागामुळे आपल्याला आपली चूक लक्षात येते तोच भाग आजारात सापडतो, याला डॉक्टर ॲनोसोग्नोसिया म्हणतात. अशा माणसाला तुम्ही पुराव्यांची यादी वाचून दाखवलीत, परवा गॅस चालू राहिला, सोमवारी तोच फोन तीनदा केलास, तर त्याच्या दृष्टीने तुम्ही खोटं बोलताय. तो चिडणारच. पुरावे देऊन पटवायचा प्रयत्न इथे सोडूनच द्या, त्याला स्वतःला ज्या गोष्टीचा त्रास होतोय तिथून सुरुवात करा, झोप लागत नसेल, चक्कर येत असेल, गोळ्यांचा गोंधळ होत असेल तर तिथून.

हे सगळं कळायचं कसं, तर विचारून. "तुला स्वतःला गेल्या वर्षभरात काही फरक जाणवतोय का?" एवढा एकच प्रश्न, आणि मग गप्प बसायचं. खरंच गप्प. आपण लगेच बोलायला लागतो, उदाहरणं द्यायला लागतो. दोन मिनिटं थांबलात तर पुष्कळदा माणूस स्वतःच सांगतो की हो, नावं आठवत नाहीत हल्ली, मला पण भीती वाटते. ती भीती तुमच्याआधीपासून त्यांच्या मनात असते बऱ्याचदा.

टेस्ट खरंच हवीये का, हे स्वतःला विचारा

इथे दोन वेगळ्या गोष्टी आपण एकत्र करतो. कुठलंच लक्षण नाही, माणूस आपलं सगळं व्यवस्थित करतोय, तरी वय झालं म्हणून टेस्ट करायची, याला स्क्रीनिंग म्हणतात. आणि काहीतरी बदललंय म्हणून त्याचं कारण शोधायचं, ती तपासणी. लक्षणं नसलेल्या लोकांचं सरसकट स्क्रीनिंग केल्याने फायदा होतो की तोटा हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही असं अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने, म्हणजे कुठल्या तपासण्या कराव्यात हे सांगणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने, २०२० साली सांगितलं. तेव्हा तुमचे बाबा ठणठणीत असतील आणि म्हणत असतील की मला नको तर त्यांचं म्हणणं पूर्ण रास्त आहे, तुमच्या मनाच्या शांतीसाठी त्यांना ओढू नका.

लक्षणं असतील तर मात्र गोष्ट वेगळी. एखादं नाव आठवलं नाही आणि संध्याकाळी आपोआप आठवलं, चष्मा कुठे ठेवला ते विसरलं, हे कुणाचंही होतं. पण तोच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा विचारला जातोय आणि आधी विचारल्याचं आठवतच नाही, रोजच्या रस्त्यावर हरवायला होतंय, वर्षानुवर्षं करत आलेला हिशोब जमत नाहीये, बोलताना साधे शब्द सापडत नाहीत, किंवा स्वभावच बदललाय, शांत माणूस संशयी झालाय, हौशी माणूस कशातच रस घेत नाहीये, असं काही महिने चाललं असेल तर दाखवायला हवं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, हा बदल दोनचार दिवसांत अचानक झाला असेल, माणूस असंबद्ध बोलतोय, मधेच झोपाळलाय मधेच बेचैन, तर मेमरी टेस्टची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, इन्फेक्शन, शरीरातलं सोडियम कमी होणं, नवीन गोळी, डोक्याला लागलेला मार असं काहीही असू शकतं. आणि एकदम तोंड वाकडं होणं, हातापायातली शक्ती जाणं, बोबडी वळणं असं काही त्याबरोबर असेल तर सरळ इमर्जन्सी.

तपासणीच्या बाजूने सगळ्यात प्रामाणिक मुद्दा माझ्या मते हाच आहे की विसरण्यामागचं कारण दरवेळी डिमेन्शिया नसतं. बी ट्वेल्व्ह कमी असतं, थायरॉइड मंदावलेलं असतं, डिप्रेशन असतं जे म्हातारपणी रडण्याऐवजी विसरण्याच्या रूपात दिसतं, झोपेत श्वास अडकत असतो, पडल्यावर कवटीच्या आत हळूहळू रक्त साचलेलं असतं, कान इतके कमी झालेले असतात की सांगितलेलं मुळात ऐकूच गेलेलं नसतं. आणि गोळ्या. झोपेच्या गोळ्या, सर्दी ॲलर्जीच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेल्या काही गोळ्या, या म्हाताऱ्या मेंदूला खूप सुस्त करतात. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. हे आईला सांगताना "म्हणजे तुला तसलं काही नसणारच" असं मात्र म्हणू नका, कारण असू शकतं, आणि मग तुमचा शब्द खोटा पडतो. "कारण शोधूया, त्यातली काही कारणं बरी होणारी असतात" एवढं पुरे.

बोलायचं कसं

चारचौघांत नाही. गोंधळ झाला त्या संध्याकाळी तर अजिबात नाही, तेव्हा माणूस आधीच ओशाळलेला असतो. एकाने बोलायचं, तिघा भावंडांनी मिळून समोर बसायचं नाही, ती पंचायत होते. कोणी बोलायचं तर ज्याचं ते ऐकतात त्याने, मग तो मुलगाच असेल असं नाही, नात असेल, जुना मित्र असेल, बरीच वर्षं ओळखणारे डॉक्टर असतील.

शब्द त्यांचेच वापरा. ते "डोकं चालत नाही हल्ली" म्हणत असतील तर तुम्हीही तेच म्हणा, डिमेन्शिया हा शब्द तुम्ही आधी आणायची गरज नाही. पण तो त्यांनी विचारला, "मला अल्झायमर झालाय असं वाटतं का तुम्हाला?" असं सरळ विचारलं, तर टाळू नका. "मला माहीत नाही बाबा, मलाही काळजी वाटते, म्हणूनच बघूया म्हणतोय" हे उत्तर खरंही आहे आणि सोबतीचंही.

फसवून नेण्याबद्दल लोक खूप विचारतात. बीपी दाखवायला जाऊ म्हणून न्यायचं आणि तिथे मेमरी टेस्ट करायची. मला हे मान्य नाही, कारण तिथे घड्याळ काढायला सांगितलं की त्यांना कळतंच, आणि मग पुढची प्रत्येक अपॉइंटमेंट, प्रत्येक गोळी संशयाची होते, आणि पुढे हाच माणूस तुमच्या विश्वासावर जगणार असतो. त्याऐवजी खरं पण सौम्य बोलता येतं. "वर्षाची तपासणी राहिलीच आहे, रक्त, बीपी, कान, डोळे सगळं बघून घेऊ, आणि विसरण्याचंही विचारू" यात काहीच खोटं नाही.

आता मुख्य गोष्ट, रिपोर्टनंतरचं बोलणं. हे टेस्टच्या आधी व्हायला हवं आणि शक्यतो वेगळ्या दिवशी. मी माझ्या मावशीशी बोलले तेव्हा तिचा एकच प्रश्न होता, "माझं पासबुक कोण ठेवणार?" बाकी आजार, स्कॅन, औषधं कशाचंही तिला पडलं नव्हतं. ते पासबुक तिच्याच कपाटात राहील, आणि उद्या त्यात बदल करायचा झाला तर तिच्यासमोर बसून करू, असं ठरल्यावर ती स्वतःहून कधी जायचं ते विचारायला लागली. तेव्हा थेट विचारा, रिपोर्ट वाईट आला तर तुला सगळ्यात जास्त काय नको व्हायला? आणि जे सांगतील त्यावर जेवढं खरंच पाळू शकाल तेवढंच कबूल करा. "तुझ्याशी बोलल्याशिवाय घर, पैसे, राहण्याची जागा यातलं काहीही ठरवणार नाही" हे पाळता येतं. "गाडी कधीच बंद करायला सांगणार नाही" हे पाळता येईलच असं नाही. गाडीबद्दल असं सांगा की नुसत्या निदानावरून सगळं ठरत नाही, चालवणं सुरक्षित आहे का हे वेगळं बघतात, आणि लायसन्सचे नियम देशानुसार वेगळे असतात तेव्हा ते आधी विचारून ठेवा. विम्याचंही तसंच, आधी चौकशी करा.

रिपोर्ट कुणाला सांगायचा हेही त्यांनाच विचारा. मुलीला चालेल, जावयाला नाही, शेजारी तर नकोच. जे ठरेल ते पाळा, भावंडांच्या ग्रुपवर टाकायची घाई करू नका.

टेस्टमध्ये काय असतं ते आधीच सांगून ठेवा

न माहीत असलेल्या गोष्टीची भीती जास्त. अगदी छोटी म्हणजे मिनी-कॉग, तीन मिनिटांत होते, तीन शब्द लक्षात ठेवायचे, मधे एक घड्याळ काढायचं, मग शब्द सांगायचे, पाचपैकी तीनपेक्षा कमी आले तर पुढे बघतात. जुनी आणि सगळीकडे माहीत असलेली एमएमएसई, १९७५ साली आली, ३० मार्कांची, तारीख वार विचारतात, शंभरातून सात सात वजा करायला सांगतात, वाक्य लिहायला सांगतात. मग मोका, कॅनडात मॉन्ट्रियलला झियाद नसरेद्दीन यांनी केलेली, २००५ साली छापून आली, तीही ३० मार्कांची, जरा अवघड, सुरुवातीचे बारीक बदलही हिच्यात पकडले जातात, २६ आणि वर नॉर्मल धरतात आणि शिक्षण बारा वर्षं किंवा कमी असेल तर एक मार्क वाढवून देतात.

एकच मार्क, आणि तेवढ्याने सगळं भरून निघत नाही. कधी शाळेतच न गेलेल्या, पेन हातात न धरलेल्या बाईला मोकातला क्यूब, म्हणजे ठोकळ्याचं चित्र, काढायला सांगणं हा अन्याय आहे असं मला स्पष्ट वाटतं. तेव्हा अपॉइंटमेंट घेतानाच विचारा की टेस्ट मातृभाषेत होईल का, कमी शिक्षण असलेल्यांसाठी वेगळी टेस्ट आहे का. बऱ्याच टेस्टच्या अनेक भाषांत आवृत्त्या आहेत, पण न विचारता समोर जी येईल ती दिली जाते. चष्मा आणि कानाचं मशीन बरोबर, मशीनचे सेल चालू आहेत ना ते बघा. सकाळची वेळ घ्या, रात्री झोप झालेली असावी. नुकतंच ऑपरेशन झालंय, ताप येऊन गेलाय तर पुढे ढकला. सगळ्या गोळ्यांची यादी न्या, स्वतःहून घेतलेल्या गोळ्यांसकट.

घरी प्रॅक्टिस करून घेऊ नका, इंटरनेटवरून घड्याळ काढायचा सराव तर नकोच, कारण मग टेस्टला अर्थ उरत नाही, खरी अडचण झाकली जाते आणि हकनाक वर्ष जातं. त्यापेक्षा एवढं सांगा की प्रत्येक जण कुठे ना कुठे अडकतो, तरुण माणूसही अडकतो, पास नापास असं यात काही नसतं.

आत गेल्यावर तुमचं काम गप्प बसायचं. उत्तर सुचवायचं नाही, डोळ्यांनी खुणा करायच्या नाहीत, "अगं तुला येतं हे" म्हणायचं नाही. डॉक्टर तुमच्याकडे बघून "यांना काय त्रास होतो?" विचारायला लागले तर "आईच सांगेल" म्हणून मान तिकडे वळवा, हे छोटं वाटतं पण त्या खोलीत आपण माणूस म्हणून धरले जातोय की नाही हे म्हाताऱ्या माणसाला तिथेच कळतं. डॉक्टरांशी त्यांना थोडा वेळ एकटं बोलू द्या. तुम्हाला जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर यादी वाचल्यासारखं सांगू नका, आधी कागदावर लिहून द्या, आणि आईला सांगून द्या की मी काय काय बघितलं ते लिहिलंय, हवं तर वाच. घरच्यांना विचारायच्या वेगळ्या प्रश्नावल्या असतात, त्यातली एडी एट आठ प्रश्नांची आहे, गेल्या काही वर्षांत बदल झालाय का एवढंच विचारते, आणि तिचा फायदा असा की शिक्षण कमी जास्त असलं तरी फारसं बिघडत नाही, कारण तुलना त्या माणसाची स्वतःशीच असते.

मार्क कमी आले म्हणजे डिमेन्शिया झाला असं नाही. पुढे रक्ताच्या तपासण्या, स्कॅन, डिप्रेशनचं बघणं, रोजची कामं कशी चालली आहेत त्याची चौकशी असं सगळं मिळून निदान होतं. काही वेळा सांगतात की एमसीआय आहे, म्हणजे विसरणं वयाच्या मानाने जास्त आहे पण रोजचं जगणं स्वतःचं स्वतः होतंय. यातले काही पुढे डिमेन्शियाकडे जातात, काही तसेच राहतात, काही चक्क सुधारतात, तेव्हा एमसीआय ऐकून घरात सुतक पडल्यासारखं करू नका, पुन्हा कधी दाखवायचं ती तारीख घ्या. आता रक्तातून अल्झायमर ओळखायच्या टेस्टही आल्या आहेत, पी-टाऊ २१७ या प्रथिनाचं नाव ऐकलं असेल, अमेरिकेत २०२५ साली अशा एका टेस्टला मान्यता मिळाली, पण ती ५५ वर्षांपुढच्या आणि लक्षणं असलेल्या लोकांसाठी, तज्ज्ञांकडे. काही त्रास नसताना कुतूहल म्हणून करायची ती गोष्ट नाही.

निदान सांगायचं की लपवायचं

डब्लिनमध्ये १९९६ साली एक साधाच अभ्यास छापून आला होता, अल्झायमरच्या पेशंटबरोबर आलेल्या शंभर नातेवाइकांना विचारलं की पेशंटला निदान सांगावं का, तर ८३ जण म्हणाले सांगू नये. मग विचारलं की उद्या तुम्हाला झालं तर तुम्हाला कळायला हवं का, तर ७१ जण म्हणाले हो, हवं. हे आकडे मला कायम लक्षात राहिलेत, कारण प्रेमापोटी आपण जे करतो ते स्वतःसाठी आपल्याला नको असतं.

सांगितल्याने माणूस खचेल ही भीती खोटी नाही, पण बहुतेकांच्या बाबतीत ती खरी होत नाही. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या २००८ च्या अभ्यासात निदान ऐकल्यानंतरच्या काही दिवसांत लोकांचं डिप्रेशन फारसं वाढलं नाही आणि काळजी तर बऱ्याच जणांची कमी झाली, इतके दिवस आपल्याला काय होतंय हे कळत नव्हतं ते एकदाचं कळलं म्हणून. अर्थात ही माणसं स्वतःहून तपासायला आलेली होती, जबरदस्तीने आणलेल्याचं असंच होईल असं यातून म्हणता येत नाही. इंडियानाच्या त्या मोठ्या ट्रायलमध्येही स्क्रीनिंगमुळे महिन्याभरात डिप्रेशन किंवा काळजी वाढलेली दिसली नाही, पण वर्षभराने त्यांचं जगणं सुधारलेलंही दिसलं नाही. म्हणजे नुसती टेस्ट करून काही भलं होत नाही, नंतर काय करतो त्यावर आहे.

म्हणून तपासणीच्या आधीच डॉक्टरांसमोर त्यांना विचारून घ्या, तुम्हाला सगळं सविस्तर ऐकायचंय की थोडं थोडं, की आधी मुलीला सांगू? जे म्हणतील ते. कोणी म्हणालं मला ऐकायचं नाही, तर तोही त्यांचा हक्क आहे, त्याला मान द्या आणि पुढे कधी विचार बदलला तर सांगायची तयारी ठेवा. निदान झालं की त्या दिवशी फारसं काही डोक्यात शिरत नाही, तेव्हा दोनतीन आठवड्यांनी फक्त बोलायला दुसरी अपॉइंटमेंट मागा आणि प्रश्न लिहून न्या, कुठल्या प्रकारचा डिमेन्शिया आहे, कुठल्या टप्प्यावर आहे, गोळ्या कोणत्या आणि त्यातून किती अपेक्षा ठेवायची. डोनेपेझिलसारख्या गोळ्या १९९६ पासून आहेत, काही जणांना काही काळ जरा बरं वाटतं, आजार थांबत नाही. लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही नवी इंजेक्शनं अल्झायमरच्या अगदी सुरुवातीलाच देतात, मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचलंय हे सिद्ध झाल्यावरच, आणि मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वरचेवर एमआरआय करावे लागतात. बऱ्याच म्हाताऱ्या पेशंटना ती चालत नाहीत, तेव्हा "लवकर कळलं तर इंजेक्शन आहे" असं आमिष दाखवून नेऊ नका.

लवकर कळण्याचा मला वाटतो तो खरा फायदा म्हणजे माणूस स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ शकतो. मृत्युपत्र, माझ्या वतीने सही कोण करेल, पुढे दवाखान्यात काय करावं काय करू नये, कुणाजवळ राहायला आवडेल. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले रोनाल्ड रेगन यांनी नोव्हेंबर १९९४ मध्ये ८३ व्या वर्षी स्वतःच्या हाताने पत्र लिहून लोकांना सांगितलं की मला अल्झायमर आहे. दुसऱ्या कुणी जाहीर करण्याआधी स्वतः सांगायला मिळालं, ते वेळेवर कळलं म्हणून.

नाही म्हणाले तर

स्वतःचं बरंवाईट कळणाऱ्या माणसाला तपासणी नाकारायचा हक्क आहे, तुम्हाला ते चुकीचं वाटलं तरी. दर आठवड्याला तोच विषय काढू नका, घरात यायला नको होईल. एकदाच विचारा, "ठीक आहे, आत्ता नको. पण काय झालं तर आपण जायचं असं तुला वाटतं?" बहुतेक जण काहीतरी सांगतात, मी रस्ता चुकले तर, नातवाचं नाव विसरलो तर. ते त्यांच्याच हाताने कुठेतरी लिहून ठेवायला सांगा. तशी वेळ आली की तुम्ही त्यांना त्यांचाच शब्द आठवून देता, तुमचा हुकूम राहत नाही तो.

तोपर्यंत निदानाशिवाय पुष्कळ करता येतं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या १४ गोष्टी सांगितल्या ज्यांच्यावर काही करता येतं, त्यात कमी ऐकू येणं, कमी दिसणं, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, डिप्रेशन, एकटेपणा, बसून राहणं हे सगळं आहे. कान तपासायला जाऊ म्हटलं तर मेमरी टेस्टइतका विरोध होत नाही. गोळ्या एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या, कुठली बंद करता येईल का म्हणून. गॅस आपोआप बंद होण्याची सोय करा, बँकेत मोठी रक्कम निघाली की मेसेज येईल असं त्यांच्या संमतीने करून घ्या, फोनवरून फसवणारे अशीच माणसं शोधत असतात.

पण काही ठिकाणी मान राखून थांबता येत नाही. आग लागायची वेळ आलीये, गाडीला वारंवार धक्के लागतायत, रात्री घराबाहेर जाऊन सापडत नाहीत, कुणीतरी पैसे काढून घेतंय, खाणंपिणं आणि गोळ्या दोन्ही सुटलंय, तर त्यांच्या नकारासाठी थांबू नका. त्यांच्या डॉक्टरांना फोन करा किंवा चिठ्ठी पाठवा. डॉक्टर तुम्हाला पेशंटची माहिती देऊ शकणार नाहीत कदाचित, पण तुमचं म्हणणं ऐकून घ्यायला काहीच आडकाठी नसते, आणि ते बाबांना नेहमीच्या तपासणीला बोलावून स्वतः विषय काढू शकतात. चिठ्ठीत मत लिहू नका, घडलेलं लिहा, तारखेसकट, काय झालं, कोण होतं, कुणाला लागलं का. आणि बाबांना सांगून करा, आवडणार नाही त्यांना, तरी सांगून करा: "मी डॉक्टरांना कळवलंय, कारण काल रात्री तुम्ही सापडत नव्हता आणि मला खूप भीती वाटली."